पावसाळ्यातला फुटबॉल, चार भिंतींत

कोल्हापुरात तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, आणि सामन्याचा निकाल घरातली आजीसुद्धा विचारते. पण पाऊस लागला की मैदानाचा चिखल होतो आणि लहान मुलांचा सराव थांबतो. अशाच एका पावसाळ्यात एका शाळेने मला प्रार्थनेचा हॉल दिला. लांबी बारा मीटर, रुंदी आठ, खाली शहाबादी फरशी आणि मुले सोळा. मी मैदानावरच्या सवयीने दोन रांगा केल्या. एकेकाने चेंडू घेऊन जायचे, वळून परत यायचे. दहा मिनिटांत मागची पोरे एकमेकांना ढकलू लागली. नंतर हिशेब केला, तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला चेंडू जेमतेम चार-पाच मिनिटे आला होता. जागा अपुरी होती हे खरे, पण चूक माझ्या रांगेची होती.

हा प्रश्न जुनाच आहे. १९३० मध्ये उरुग्वेतील मोंतेविदेओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएमधल्या मुलांसाठी पाच-पाच जणांचा, आत खेळता येईल असा फुटबॉल बसवला. आजचा फुटसाल त्यातूनच वाढला. त्याचा चेंडू ४ नंबरचा आणि कमी उसळणारा असतो. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच उठतो. खरी गंमत या टप्प्यात आहे. नेहमीचा चेंडू फरशीवर उडत राहतो, मुले त्याच्यामागे धावतात आणि भिंतीवर आदळतात. न उसळणारा चेंडू पायाशी राहतो, तळव्याखाली दाबून थांबवता येतो. तो नसेल तर जुन्या चेंडूतली थोडी हवा काढावी, काम भागते.

मग मी भिंतींपासून एक मीटर सोडून खडूने चार चौकोन आखले. प्रत्येकात चार मुले आणि एक चेंडू. तिघांनी पास द्यायचे, मधल्याने अडवायचे. ज्याचा पास चुकला तो मध्ये, असा नियम सहसा असतो. पण त्यात कच्चा मुलगा सगळा वेळ मध्येच अडकतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. माझी दोन मुले अशी गळाली होती. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला टाळी वाजली की मधला बदलायचा, चूक कोणाचीही असो. (शिट्टी नको, हॉलमध्ये कानठळ्या बसतात.)

शेवटची पंधरा मिनिटे सामना. बाक आडवे पाडून गोल करायचे, गोलरक्षक नाही, चेंडू गुडघ्यावर गेला की समोरच्यांचा. चार विरुद्ध चार खेळतात, बाकीचे आठ कडेला उभे राहून आलेला पास परत देतात, दोन मिनिटांनी अदलाबदल. दाराशी कोरडे फडके हवेच. ओल्या तळव्यांनी शहाबादीवर पाय सटकतो, आणि लागते ते डोक्याला.

लांब पास, हेडर, मोठी धाव, यातले काहीच इथे शिकवता येत नाही. ऑक्टोबरात मैदान सुकल्यावर आम्ही बाहेर गेलो, तर पोरांचा ताबा सुरेख, पण सगळी एका कोपऱ्यात गोळा! त्यांना पसरायला शिकवण्यात पुढचे दोन आठवडे गेले.