गाडी डिझेलची की विजेची?



आपल्या जव्हार-मोखाडा तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. आगगाडी पकडायची तर एस.टी.ने डहाणूला, पालघरला, नाहीतर कसारा-इगतपुरीला जावे लागते. तरी रेल्वेशी आपला संबंध आहेच. भात झोडून झाले की आपल्यातली कितीतरी घरे कामासाठी वसई-ठाण्याकडे जातात. ज्या गाडीत आपण बसतो ती चालते कशी, हे ठाऊक असावे म्हणून हा लेख.

वर्गात एकदा वाद झाला. "डिझेल-इलेक्ट्रिक गाडी" हे शब्द पुस्तकात आले. निम्मी मुले म्हणाली, गाडी डिझेलवर चालते. निम्मी म्हणाली, विजेवर. खरे म्हणजे दोघांचेही बरोबर! कसे ते सांगतो.

गाडीच्या पोटात काय असते?

जव्हारच्या बाजारात वीज गेली की दुकानदार जनरेटर चालू करतात. आत डिझेल जळते, इंजिन फिरते आणि दिवा लागतो. ह्या गाडीच्या पोटात असाच मोठा जनरेटर असतो. त्याची वीज चाकांजवळच्या मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवतात. कसारा घाटात १९३० पासून विजेची इंजिने आहेत, पण त्यांना वीज वरच्या तारेतून मिळते. ही गाडी आपली वीज आपणच तयार करते. तार नको, खांब नकोत.

मग डिझेल इंजिन थेट चाकांनाच का जोडत नाहीत? एस.टी.चा ड्रायव्हर घाटात काय करतो ते आठवा. सारखा गिअर बदलतो. कारण उभ्या गाडीला ओढण्याचा जोर डिझेल इंजिनात नसतो, ते आधी फिरत असावे लागते. शेकडो माणसांची जड आगगाडी अशा गिअरवर ओढणे फार अवघड. विजेच्या मोटारीचे उलट आहे. ती थांबलेली असतानाच तिचा जोर सगळ्यांत जास्त असतो.

वाऱ्याशी भांडण नको

पावसाळ्यात समोरून वारा आला की इरले घेऊन चालणे किती जड जाते! गाडी जितकी जोरात पळते, तितकी हवा तिला मागे ढकलते. माशाचे अंग पाहा, तोंड निमुळते आणि कडा गोल. म्हणून तो पाणी सहज कापतो. गाडीला असाच आकार दिला तर कमी डिझेलात ती जास्त पळते.

जर्मनीत अशी दोन डब्यांची गाडी तयार झाली. तिचे नाव फ्लाइंग हॅम्बर्गर. तिचा आकार कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात तपासून ठरवला होता. १५ मे १९३३ पासून ती बर्लिन ते हॅम्बुर्ग हे २८६ किलोमीटर अंतर २ तास १८ मिनिटांत कापू लागली.

चंदेरी गाडी आणि गाढव

त्या वेळी अमेरिकेत मोठी मंदी होती. लोकांकडे पैसा नव्हता, ज्यांच्याकडे होता ते मोटारीने जात. आगगाड्या रिकाम्या धावू लागल्या. तेव्हा बर्लिंग्टन रेल्वेने हलकी आणि कमी खर्चाची तीन डब्यांची गाडी करून घेतली. तिचे नाव झेफर, म्हणजे पश्चिमेचा वारा. अंग सगळे न गंजणाऱ्या स्टीलचे, आपल्या जेवणाच्या डब्यासारखे चकचकीत. हे स्टील फार वेळ तापवून जोडले तर जोडापाशी गंजते. म्हणून क्षणभरच वीज सोडून पत्रे जोडण्याची नवी पद्धत कारखान्याने काढली. इंजिन ६०० अश्वशक्तीचे होते.

२६ मे १९३४ रोजी सकाळी ही गाडी डेन्व्हरहून शिकागोला निघाली. अंतर १६३३ किलोमीटर, मध्ये कुठेही थांबायचे नाही. फाटकाफाटकावर राखणीला माणसे उभी होती. गाडीत पाहुण्यांबरोबर एक गाढवही होते, त्याचे नाव झेफ! वाटेत एक तार जळाली आणि इंजिन बंद पडले. गाडी नुसत्या वेगाच्या जोरावर घरंगळत राहिली. थांबली असती तर विक्रम गेला असता. तेव्हा एका कारागिराने तारेची दोन्ही टोके हातांनी जुळवून धरली. हात भाजले, पण इंजिन चालू झाले. गाडी १३ तास ५ मिनिटांत पोहोचली. नेहमीच्या गाडीला जवळजवळ दुप्पट वेळ लागे.

पुढे ही गाडी १९६० पर्यंत, सुमारे ५० लाख किलोमीटर धावली. आता ती शिकागोच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे

आपल्या देशात वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून डिझेल-विजेची इंजिने तयार होऊ लागली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली ती अशाच इंजिनांवर. २०२२ साली त्या साऱ्या मार्गावर विजेची तार आली.

ह्या गोष्टीतून मला एक कळले. माणसे थोडी असली तरी गाडी हलकी आणि काटकसरीची केली तर ती परवडते. आपल्यासारख्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागाला हा विचार फार मोलाचा आहे. आणि शिकागोला पोहोचायला नुसते इंजिनिअरच नाही, तर हात भाजून घेणारा तो कारागीरही लागला. आपले आईबाप असेच हातांनी कष्ट करतात, हे विसरू नका.

सांगा पाहू: डिझेल-विजेच्या गाडीला तार का लागत नाही? उत्तर वरच आहे, पुन्हा वाचा!