माणूस बदलायचा का? आधी आकडा ठरवा!

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची फुटबॉल टीम बघा. 2023 मध्ये मुख्य कोच होते कर्क फेरेंट्झ, आणि आक्रमणाची जबाबदारी होती मुलगा ब्रायनकडे. गुण होईनात, म्हणून त्या वर्षी करारातच लिहिलं: सरासरी 25 गुण आणि किमान 7 विजय. ऑक्टोबरअखेर 8 पैकी 6 मॅच जिंकूनही ब्रायनला 'पुढच्या वर्षी नाही' असं सांगितलं. कारण जिंकून देत होती बचावफळी! गंमत म्हणजे, त्या 25 मध्ये बचावफळीचे गुणही धरलेले. तरी हंगामाची सरासरी 15.4 च.

तुम्हीही एकूण गल्ला बघून काउंटरवरच्या भाच्याला पास करू नका. त्याच्या हातातलं काम वेगळं मोजा, आकडा आणि मुदत लिहून द्या. मग निर्णय नात्यावर नाही, वहीवर होतो.