बंदिस्त अवकाश, एकाकीपण आणि ऐकणारा : 'ट्रॅप्ड' या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रस्तावना :
एखादी व्यक्ती अरुंद जागेत अडकते, बाहेरच्या जगाशी असलेला तिचा संबंध तुटतो आणि जिवंत राहण्यासाठी तिला प्रथम स्वतःच्या मनाशीच झुंजावे लागते. या सूत्रावर आधारलेल्या चित्रपटांना मानसशास्त्रीय जीवनसंघर्षाचे चित्रपट म्हणता येईल. डॅनी बॉईल यांचा '१२७ अवर्स' (२०१०) आणि रोद्रिगो कोर्तेस यांचा 'बरीड' (२०१०) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. विक्रमादित्य मोटवाने दिग्दर्शित 'ट्रॅप्ड' (२०१७) या हिंदी चित्रपटाने हे सूत्र मुंबईत आणले. अशा चित्रपटांत अन्नपाण्याइतकीच आपले कोणीतरी ऐकावे ही गरजही मूलभूत ठरते, हा विचार प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
कोंडले जाणे आणि एकाकी पडणे या दोन भिन्न अवस्था आहेत. हा भेद समजून घेण्यासाठी धुळ्याच्या वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तेथे भिंती होत्या. परंतु बोलणारा, ऐकणारा आणि लिहून घेणारा हे सारे भिंतींच्या आत एकत्र होते. त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला.

याउलट, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या दशकात झालेले प्रयोग पाहावेत. मोबदला घेऊन आलेले विद्यार्थी धूसर चष्मा व हातमोजे घालून एका लहान खोलीत नुसते पडून राहत. जेवणाची सोय असूनही बहुतेकांना ही अवस्था काही दिवसांपलीकडे सोसवली नाही. विचार एकाग्र होईनासे झाले, काहींना भासही होऊ लागले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या 'मंडेला नियमां'त एकांत कोठडीची व्याख्या खोलीच्या आकारावरून केलेली नाही. दिवसातील २२ तास वा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्कावाचून ठेवणे, अशी ती व्याख्या आहे. आणि असा एकांत सलग १५ दिवसांपेक्षा जास्त देण्यास मनाई आहे.

विवेचन :
'ट्रॅप्ड'चा नायक शौर्य (राजकुमार राव) लग्नाच्या निकडीपोटी प्रभादेवीतील एका रिकाम्या उंच इमारतीत घाईने घर घेतो. किल्ली बाहेरच्या बाजूला कुलपात राहते, दार बंद होते आणि मोबाईलची बॅटरी संपते. पुढे वीज नाही, पाणी नाही. '१२७ अवर्स'चा नायक निर्जन दरीत आणि 'बरीड'चा नायक जमिनीखाली पेटीत अडकला आहे. शौर्य मात्र गर्दीच्या मधोमध आहे. त्याला रस्ता दिसतो, माणसे दिसतात. परंतु त्याचा आवाज खाली पोहोचत नाही. पहारेकऱ्याला नीट ऐकू येत नाही. स्वतःच्या रक्ताने पुठ्ठ्यावर लिहिलेली हाकही व्यर्थ जाते.

या कोंडीत त्याचे 'स्व'चे आवरण हळूहळू गळून पडते. शाकाहारी शौर्य जगण्यासाठी कबूतर मारून खातो. ज्या उंदराची त्याला भीती वाटते, त्याच्याशीच तो पुढे बोलू लागतो. हे बोलणे म्हणजे केवळ भ्रमिष्टपणा असे समजणे उचित नव्हे. 'कास्ट अवे' (२०००) मधील नायक व्हॉलीबॉलशी बोलतो, '१२७ अवर्स'मधील नायक व्हिडिओ कॅमेऱ्याशी बोलतो. ऐकणारा नसेल तर मन तो निर्माण करते. कारण बोलताना विचारांना क्रम येतो आणि 'मी आहे' ही जाणीव टिकून राहते. अखेर शौर्य स्वतःच्याच प्रयत्नाने बाहेर पडतो. चित्रपट त्याच्या जिद्दीला दाद देतो. पण एवढ्या मोठ्या शहरात त्याच्या नसण्याची दखल कोणी का घेतली नाही, हा प्रश्नही प्रेक्षकापुढे शिल्लक ठेवतो.

निष्कर्ष :
हा प्रश्न आपणा अध्यापकांच्या फार जवळचा आहे. धुळे-जळगावचे आपले विद्यार्थी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि तेथे कॉट बेसिसवर किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. २०२० च्या टाळेबंदीने तर चार भिंतींतील एकटेपणाचा अनुभव अनेकांना दिला. म्हणून हा चित्रपट वर्गात दाखवताना 'शौर्य कसा सुटला?' याबरोबरच 'तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर प्रथम कोणाच्या लक्षात येईल?' हेही विद्यार्थ्यांना विचारावे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही, त्याच्याशी तास संपल्यावर स्वतंत्रपणे बोलणे अगत्याचे आहे. हजेरीपत्रकातील 'गैरहजर' ही नोंद आपण बहुधा नियमापुरती करतो. परंतु कोणीतरी आपली वाट पाहत होते, याचा तो एखाद्या विद्यार्थ्यासाठी एकमेव पुरावा असू शकतो. भिंती पाडणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते, ऐकणारा होणे मात्र असते.