वीणा खाली न ठेवणारी गावे

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावांना थोडी उसंत मिळते. पुढे राब भाजून पेरणीची तयारी सुरू होईपर्यंतचे हे दिवस अखंड हरिनाम सप्ताहाचे. माघापासून रामनवमी, हनुमान जयंतीपर्यंत येथे कोठे ना कोठे सप्ताह सुरूच असतो. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या कमानी दिसतात, कर्ण्याचा आवाज कानी येतो. मात्र आत नेमके काय चालते, याची कल्पना शहरी वाचकाला क्वचितच असते. कीर्तन आणि महाप्रसाद एवढीच सप्ताहाची ओळख असेल, तर ती अपुरी आहे. सात दिवस आणि सात रात्री एका गावाने मिळून केलेले ते गाणे आहे.

या सर्वांचा कणा म्हणजे वीणा. पहिल्या दिवशी पूजन होऊन ती विणेकऱ्याच्या गळ्यात पडते आणि सातव्या दिवसानंतर, काल्याच्या कीर्तनापर्यंत खाली ठेवली जात नाही. त्यासाठी पहारे लावलेले असतात. कोणत्या घराचा पहारा कोणत्या वेळी, याची यादी देवळाच्या भिंतीवर चिकटवलेली असते. वेळ झाली की पुढचा गडी हातपाय धुऊन येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पहारेकऱ्याला गाता आलेच पाहिजे, अशी अट नाही. तार छेडत नाम घेत उभे राहणे एवढेच काम. ज्याने आयुष्यात कधी चार माणसांसमोर तोंड उघडले नाही, असा माणूसही त्या दोन तासांचा धनी असतो.

दिवसाचा क्रम सर्वत्र जवळजवळ सारखाच. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी प्रवचन व हरिपाठ, रात्री कीर्तन. पारायणात सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत बसवायच्या असल्याने वाचनाला गती असते. हरिपाठाला पावल्या खेळतात आणि अलीकडे त्यात महिलांची संख्या ठळकपणे दिसते. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये स्थापन केली. तेथे शिकलेल्या कीर्तनकारांमुळे आणि मृदंगवादकांमुळे या कार्यक्रमाला महाराष्ट्रभर एक शिस्त आली, असे म्हणता येईल. नगर व नाशिक भागात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तेथे लाखोंचा समुदाय जमतो. शहापूर-मुरबाडचे सप्ताह त्या मानाने अगदी लहान, घरगुती म्हणावेत असे.

कीर्तन ऐकताना नवख्याचे लक्ष कीर्तनकाराकडे असते. खरी गंमत मात्र त्याच्या मागे अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या टाळकऱ्यांत आहे. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतो, आणि पुढचे चरण टाळकऱ्यांनी तत्क्षणी उचलायचे असतात. यालाच प्रमाण म्हणतात. मध्येच एखादा गायक वेगळी चाल लावून पुढे सरसावतो, पखवाजवाला बोल बदलून त्याला साथ देतो आणि पुन्हा सगळे ध्रुवपदावर येतात. यातले काहीही आधी ठरलेले नसते. हे शिकवणारे पुस्तकही नाही. पोरगे टाळ घेऊन शेवटच्या रांगेत उभे राहते, पुढच्याच्या हाताकडे पाहून ठेका धरते, आणि काही वर्षांनी एक रांग पुढे येते.

अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताच्या रसिकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. कार्लटन हेनी यांनी १९६५ मध्ये व्हर्जिनियातील फिनकॅसल येथे या संगीताचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव भरवला. तेव्हापासून अशा मेळ्यांत मंचावरील कार्यक्रमाइतकेच महत्त्व तंबूंशेजारी रात्रभर चालणाऱ्या हौशी मैफलींना आहे. बँजो, फिडल घेऊन कोणीही वर्तुळात शिरावे, आपली पाळी आली की वाजवावे.

आपल्याकडची ती जागा म्हणजे जागर. कीर्तन संपले, पंगती उठल्या की शेजारच्या गावचे भजनी मंडळ बैठक मारते. निमंत्रण पत्रिकेत अन्नदात्यांच्या नावांबरोबर कोणत्या रात्री कोणत्या गावचा जागर, हेही छापलेले असते. आज आपण त्यांच्याकडे जायचे, महिन्याने ते आपल्याकडे येणार, असा हा व्यवहार. एकेकाने एकेक अभंग घ्यायचा, बाकीच्यांनी उचलून धरायचा. रूपाच्या अभंगापासून सुरू झालेले भजन गौळणी, भारुडे करीत भैरवीला येते, तोवर काकड्याची वेळ झालेली असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निर्बंध आहेत. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांना तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. अनेक आयोजकांची त्याबद्दल तक्रार असते. जागराचे मात्र या निर्बंधाने भलेच झाले, असे माझे मत आहे. कर्णा बंद झाल्यावर पखवाजाच्या धुमेवरची ओली कणीक कशी बोलते, हे कळते.

अडचण निराळीच आहे. या गावांतील तरुण पहाटेच्या गाडीने आसनगाव, खर्डी, कसारा येथून कल्याण-ठाण्याकडे कामाला जातो. मध्यरात्रीनंतरचे पहारे भरणे कठीण होते, आणि अखेर तेच ते चार वृद्ध रात्र रात्र उभे राहतात. दुसरीकडे वर्गणीचा मोठा भाग नामवंत कीर्तनकारांच्या मानधनावर खर्च होतो. बाहेरून बोलावलेल्या गायक-वादकांच्या संचामुळे कार्यक्रम देखणा होतो खरा, परंतु गावचा पखवाजवाला सातही दिवस श्रोत्यांत बसून राहिला, तर त्याच्या मुलाने ते वाद्य का धरावे? त्यातच सप्ताह उन्हाळ्यात आला की पाण्याचा प्रश्न उभा राहतो. भातसा, तानसा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते; तेथे हजार माणसांच्या पंगतीचे पाणी हा यजमानांपुढचा मोठाच पेच असतो.

शहरातून जाणाऱ्याने काय करावे? शक्यतो जागराच्या रात्री मुक्कामालाच जावे. झोपायची सोय सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर होते. माघात थंडी बोचते, तेव्हा पांघरूण सोबत असावे. या दिवसांत गावात सुकट-बोंबील शिजत नाही, दारू वर्ज्य असते, याचे भान ठेवावे. मोबाइल खिशात ठेवून टाळ मागावेत. ते हमखास मिळतात, आणि ठेका चुकला तर कोणी हसत नाही. शेजारचा फक्त आपले टाळ जरा जोरात वाजवू लागतो.

आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, दहीहंडी फुटते, महाप्रसाद वाढला जातो आणि वीणा देवापुढे ठेवतात. मंडप सोडण्याचे काम सुरू असतानाच जमाखर्च मोठ्याने वाचला जातो आणि पुढील वर्षी पहिल्या रात्रीचा दोनचा पहारा कोण घेणार, यावर वाद रंगतो.