पंखधारी वीराची मर्यादा

अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक खेळाडू एका कल्पित वीराची भूमिका घेतो व बिकट प्रसंगांचा निकाल फांशांवर लागतो. २०१५ सालच्या नियमांत 'आराकोक्रा' ही पक्षिमानवांची जात खेळाडूंस घेतां येई. त्या नियमांनुसार हा वीर एका चालींत ५० फूट उडे. मात्र जड चिलखत घालून त्यास उडतां येत नाहीं. दरी-खंदकांचें भय त्यास नसतें. पण शत्रूनें हवेंतच जखडल्यास तो कोसळतो आणि दर १० फुटांच्या पतनास एका फांशाइतकी इजा सोसतो. शिवाय, अलीकडे राहिलेल्या सोबत्यांचें काय? एकट्यानें पैलतीर गांठल्यास खेळच मोडतो. पलीकडे दोर बांधून सर्वांस पार नेणें, यांतच पंखांचें सार्थक आहे.