खडकवासल्यातला समुद्र

पुण्यातून सिंहगडाच्या वाटेला लागलं, की धरणाशी पोचायच्या जरा आधी रस्त्याच्या कडेनं एक लांबलचक कुंपण लागतं, आणि पुढच्या भज्यांच्या नि कणसांच्या ओढीनं आपण त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातो; पण त्या कुंपणाआड, पोरांनो, समुद्र आहे. हसू नका. लाटा आहेत, भरती-ओहोटी आहे, बंदरं आहेत, फक्त पाणी गोडं आहे. खराखुरा समुद्र इथून शंभरेक किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री, आपण साडेपाचशे मीटर उंचावर बसलेलो, आणि मुंबईच्या नि न्हावा-शेव्याच्या बंदरातलं पाणी कसं वागेल याचा अंदाज आपल्या मुठेकाठी घेतला जातो.

ही केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाला. तिचा जन्म १९१६ सालचा, आणि तेव्हा समुद्राशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी पाणथळ होऊन खारावत होत्या, त्यावर उपाय शोधायला मुंबई सरकारनं एक छोटी तुकडी नेमली, एवढंच. क्लॉड इंग्लिस नावाचा इंजिनिअर तिथं वर्षानुवर्षं पाण्यात हात घालून बसला, आणि पुढे इंग्लंडला गेल्यावर तिथल्या सरकारी जलसंशोधन केंद्राचा पहिला संचालक झाला. म्हणजे इंग्लंडला पाण्याचा मास्तर पुण्यात तयार होऊन मिळाला. शेताच्या पाटापासून निघालेली ही शाळा नद्या, धरणं करत करत दर्यापर्यंत पोचली.

आता समुद्र आटवून हौदात कसा घालायचा, ते ऐका. समजा सगळं पन्नासपट लहान करायचं ठरवलं. पाच मीटरची लाट दहा सेंटीमीटरची झाली, इथवर सोपं. पण बंधाऱ्यावरचा दहा टनांचा दगड? तो लांबीला पन्नासपट, रुंदीला पन्नासपट आणि उंचीलाही पन्नासपट आटतो, म्हणजे सव्वा लाखपट हलका होतो आणि भरतो फक्त ऐंशी ग्रॅम. खिशात मावेल! आणि काळ? तो पन्नासपट आटत नाही, पन्नासाच्या वर्गमूळाइतकाच, म्हणजे सातपट आटतो. बाहेर सात तास घोंघावणारं वादळ हौदात तासाभरात उरकतं. एका टोकाला यंत्राची फळी मागेपुढे हलून लाटा ढकलते, दुसऱ्या टोकाला रंगवलेल्या दगडांचा चिमुकला बंधारा, एकेका थराचा रंग निराळा, म्हणजे कुठल्या थरातला दगड लाटेनं पळवला ते वरून बघताच कळावं.

सगळं आटतं, पण एक गोष्ट आटत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे. वाळू! पाव मिलिमीटरचा कण पन्नासपट बारीक केला तर ती वाळू राहतच नाही, गाळ होतो. आणि गाळाचे कण एकमेकांना चिकटून बसतात, ते वाळूगत घरंगळत नाहीत. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी काय काय केलं म्हणून सांगू? कोणी दगडी कोळसा कुटून घातला, कोणी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा, कारण हलका कण जरा मोठा ठेवला तरी पाणी त्याला उचलतं. डोंगराएवढी लाट हौदात बसवणाऱ्या माणसाला वाळूच्या कणानं अक्रोड फोडायला लावले!

आणि वाळूला एवढा मान का, तर किनारा म्हणजे दुसरं काही नाही, प्रवासाला निघालेली वाळू. लाट किनाऱ्यावर सरळ क्वचितच येते, तिरपी येते. कण तिच्याबरोबर तिरपा वर चढतो आणि पाणी ओसरताना उतारानं सरळ खाली येतो. दर लाटेला पाऊलभर सरकतो. असे अब्जावधी कण वर्षभर किनाऱ्याच्या कडेनं चालत असतात. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन निघाला आणि मधल्याच एकानं परात अडवून धरली तर खालच्या अंगाच्या पानांचं काय होईल, तेच मद्रासला झालं. तिथं १८७६ साली बंदराचं काम सुरू झालं, समुद्रात दगडी हात गेले, दक्षिणेकडून येणारी वाळू त्यांच्यापाशी अडली. दक्षिणेला मरीनाची पुळण रुंदावत गेली, लोक तिथं हवा खायला जाऊ लागले. उत्तरेला रॉयपुरमकडचा किनारा मात्र समुद्रानं खाल्ला. मग तिथं दगड टाकले, तर खाणं आणखी उत्तरेला सरकलं.

आपल्याकडे रत्नागिरीच्या मिऱ्याला जा. तिथला धूपप्रतिबंधक बंधारा पावसाळा आला की बातमीत येतोच. दगड टाकायचे, ते खचायचे, पुन्हा टाकायचे. का खचतात? भिंतीवर आपटलेली लाट जागीच मरत नाही, उलट फिरते, आणि फिरताना पायथ्याची वाळू उपसून नेते; भिंतीला वरून धक्का लागतच नाही, खालची जमीनच जाते. म्हणून लाटेला आपटू न देता दमवायचं, अशी युक्ती फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत १९५० साली निघाली: चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा, टेट्रापॉड. ढिगात टाकला की एकमेकांत पाय अडकवून बसतो, आणि लाट त्यांच्या फटींत शिरून थकते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून तुम्ही बघितलेत ते हेच. मिऱ्यालाही टेट्रापॉड आहेत. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचं तेलवाहू जहाज वाहत येऊन त्याच बंधाऱ्याला टेकलं आणि तिथंच राहिलं. बंधाऱ्यानं समुद्र अडवला की नाही यावर वाद घाला, जहाज मात्र नक्की अडवलं!

दगडाशिवायचे उपायही आपल्या माणसांना ठाऊक होते. रायगडच्या खारेपाटात मातीचे खारबंधारे घालून शेतकऱ्यांनी खाडीकडून भातजमीन मिळवली, आणि त्या बांधात ठेवली उघाडी. म्हणजे झडप. भरतीचं पाणी चढलं की तिला ढकलून आपोआप बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून उघडतं. ना राखणदार, ना वीज. बांधासमोर खारफुटी. तिची मुळं गाळ धरतात, लाटेचा जोर बांधाशी पोचायच्या आधीच मोडतात. ती तोडली की उधाणात बांधाला खांड पडते आणि खारं पाणी शेतात. मला विचाराल तर टेट्रापॉड काढणाऱ्या फ्रेंच डोक्याइतकंच उघाडी बसवणारं डोकं मोठं, पण त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि जिथं वाळूच अडली आहे, तिथं सरळ उपाय म्हणजे अडलेली वाळू उचलून पलीकडे नेऊन द्यायची. विशाखापट्टणमला बंदरापाशी वाळू साचायला मुद्दाम खड्डा ठेवलाय; त्यातली वाळू ड्रेजरनं काढून उत्तरेच्या पुळणीवर घालतात, आणि हे एकदा करून भागत नाही, करतच राहावं लागतं. पुदुच्चेरीला निराळंच केलं, पाण्याखाली पोलादाचा मोठा पाचरीसारखा अडथळा बसवला. लाटा त्याच्यावर मंदावल्या आणि हरवलेली पुळण परत साचायला लागली. डच लोक तर त्याहून आळशी, किंवा हुशार म्हणा. त्यांनी २०११ साली आपल्या किनाऱ्यालगत दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळूचा एकच ढीग ओतला आणि हात झटकले: आता वारा नि लाटा नेतील तिकडे जाऊ दे, पसरायचं काम समुद्राचं. वीसेक वर्षं पुरेल असा हिशेब होता, आणि तेव्हापासून तिथली माणसं ढीग किती सरकला, किती उरला, ते मोजतायत.