क्षयाचा जंतू, एक विकर आणि एक अणू

क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली वापरात आले आणि अतिशय गुणकारी ठरले. तथापि ते जंतूला नेमके कोठे गाठते, हे पुढील चार दशके स्पष्ट नव्हते. त्याचे उत्तर जंतूतील एका विकराच्या स्फटिकाने दिले.

या जंतूभोवती मेणासारखे चिवट कवच असते. त्यातील लांब साखळीची मेदाम्ले घडविण्याच्या कामी 'इनएचए' नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, आवश्यक असते. विकर हे प्रथिन असून त्याची अणुरचना साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. म्हणून शुद्ध प्रथिनाचे स्फटिक तयार करतात. स्फटिकात असंख्य रेणू एकाच शिस्तीत रचलेले असतात. त्यांवर क्ष-किरण सोडले असता ते ठराविक दिशांना विखुरतात. त्यातून उमटणाऱ्या ठिपक्यांवरून गणिताच्या साहाय्याने अणूंची स्थाने निश्चित करता येतात.

अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ साली या विकराची रचना प्रसिद्ध केली. विकराच्या खोबणीत 'एनएडीएच' हा साहाय्यक रेणू बसतो. औषधाचा घाव तेथेच पडतो, हे १९९८ साली दिसून आले. जंतूचेच 'कॅटजी' हे दुसरे विकर औषधाला सक्रिय करते. सक्रिय औषध साहाय्यक रेणूशी जोडले जाऊन त्या खोबणीत घट्ट रुतते. कवचाची घडण थांबते व जंतू मरतो.

याच अभ्यासाने औषध निष्प्रभ होण्याचे एक कारणही उलगडले. या विकराच्या साखळीत २६९ अमिनो आम्ले असतात. काही औषधरोधक जंतूंत ९४व्या स्थानी सेरीनऐवजी ॲलानिन आढळले. दोहोंत भेद केवळ एका ऑक्सिजन अणूचा. परंतु तेवढ्याने खोबणीची पकड सैल होते. इतर अनेक जंतूंत 'कॅटजी' बदललेले असते, त्यामुळे औषध सक्रियच होत नाही.

असे बदल जंतूंच्या प्रचंड संख्येत क्वचित, पण आपोआप घडतात. यास्तव क्षयावर अनेक औषधे एकत्र आणि सामान्यतः किमान सहा महिने दिली जातात. एका औषधाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याने मारला जावा, हा त्यामागील हेतू. काही आठवड्यांत बरे वाटले म्हणून औषध सोडल्यास उरलेले जंतू वाढतात आणि त्यांतील बदललेल्यांना वाव मिळतो. पुढे तेच खोकल्यावाटे घरातील वा वसतिगृहातील इतरांपर्यंत पोहोचू शकतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास तपासणी करून घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रांत क्षयाचे निदान व औषधे विनामूल्य मिळतात. औषधाचा शेवटचा डोस हा पहिल्या डोसाइतकाच महत्त्वाचा आहे, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे.